दर नऊ मिनिटांनी

तिची नोकरी बसण्याची होती. असं सांगितलं की समोरचा आधी हसायचा आणि मग विचारायचा, "म्हणजे नक्की काय करता?"

"सांगितलं ना. बसते."

खुर्च्या आणि पलंग बनवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर तिची खोली होती. एक खिडकी, एक पडदा, भिंतीवर घड्याळ नाही. घड्याळ मुद्दामच लावलेलं नव्हतं. इथल्या खुर्च्या आपणहून हलायच्या. माणूस तासन्‌तास एकाच ठेवणीत बसला की त्याच त्याच स्नायूंवर भार पडतो आणि ते आखडतात. म्हणून बैठक थोडी या अंगाला कलायची, काही वेळाने त्या अंगाला, पाठ बोटभर मागे जायची. माणसाचं काम चालूच राहायचं, भार मात्र इकडचा तिकडे व्हायचा.

नवी खुर्ची तयार झाली की तिने तिच्यावर दिवसभर बसायचं. हातात एक बटण असायचं. हलल्याचं जाणवलं की दाबायचं, लगेच शेजारच्या संगणकावर वेळ उमटायची. जितकं कमी जाणवेल तितकी खुर्ची चांगली. संध्याकाळी कुठे अवघडलं, कुठे टोचलं ते सांगायचं आणि कागदावर सही करायची. त्या सहीशिवाय माल दाराबाहेर पडत नसे.

ही नोकरी तिने मागितली नव्हती. चौदा वर्षं ती खाली शिलाई खात्यात खुर्च्यांची कव्हरं शिवत होती. तिथे बसायला लाकडी स्टूल. जगाच्या कमरा वाचवणाऱ्या कारखान्यात शिलाईवाल्यांच्या बुडाखाली लाकूड का, असा प्रश्न कोणाला पडला नाही, तिलाही नाही. मग तिच्या कमरेतली चकती सरकली. डॉक्टर म्हणाले, स्टुलावर तासाच्या वर बसलात तर पुढच्या वेळी मला भेटायला चालत येता येणार नाही.

त्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत ती बांधून पाठवायला ठेवलेल्या एका खुर्चीवर डबा उघडून बसली आणि दोन घास खाऊन उठली.

"हिचा मागचा उजवा पाय आखूड आहे."

तेव्हाचे म्हातारे इंजिनियर तिथून चालले होते. "मावशी, आत्ताच मोजून पास केलीये मी ती."

"मोजली असेल. आखूड आहे."

पुन्हा मोजली. दोन मिलिमीटर.

"तुम्ही माणूस आहात की वजनाचा काटा?" म्हातारे म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ती वरच्या खोलीत आणि सगळ्यांच्या तोंडी काटामावशी. त्याला आता अकरा वर्षं झाली.

नवऱ्याचं केस कापायचं दुकान होतं. तो सकाळपासून उभा, ती सकाळपासून बसलेली.

"बायको काय करते तुमची?" गिऱ्हाईक विचारायचं.

"बसते."

"घरी?"

"घरी कशाला? घरी फुकट कोण बसेल?"

असं सगळं बरं चाललेलं असताना पलंग आला.

हा ज्यांना स्वतः कूस बदलता येत नाही त्यांच्यासाठी. गादीखाली हवेच्या आठ लांब नळ्या. पंप एकेक नळी भरायचा, एकेक रिकामी करायचा. दर नऊ मिनिटांनी निजलेल्या माणसाचं एक अंग बोटभर वर, दुसरं खाली. पण इतक्या हळू की झोप मोडू नये. म्हाताऱ्या इंजिनियरांच्या जागी आता एक तरुण इंजिनियरबाई होती. केस कायम पेन्सिलीने बांधलेले, आणि पेन्सिल कायम शोधत असलेली. हा तिचा पहिला पलंग.

हिशोबनीस त्यावर तीन तास पडला, बटण एकदा दाबलं. टंकलेखिकेने दोनदा. फाटकावरचा पहारेकरी घोरला, त्याच्या हातातून बटणच गळून पडलं.

मावशी आडवी झाली. तीन तासांत पलंग वीस वेळा हलला, तिने बटण वीस वेळा दाबलं.

"एकही सुटलं नाही?" इंजिनियरबाईने विचारलं.

"जाणवलं तर काय करू?"

इंजिनियरबाईने झडपा बदलल्या. वीस. पंप बदलला. वीस. उचलण्याचा वेग निम्मा केला. वीस. तीन आठवडे असे गेले. शेवटी साहेब स्वतः वर आले.

"चाळीस पलंग दवाखान्यात जायचेत. चाळीस! आणि अडलेत कशावर, तर एका बाईच्या पाठीवर."

"सही करून टाकू का मग?" मावशीने विचारलं. तिने हे साधेपणानेच विचारलं होतं, पण साहेबांना ते लागलं.

"तसं म्हणालो का मी?"

"नाही. म्हणून तर विचारलं."

साहेब निघून गेले. काटा जड दाखवतो म्हणून कोणी काट्याशी भांडत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडलोट झाल्यावर दहा वाजता मावशी पलंगावर पडली. एक वाजता उठली. वीस. इंजिनियरबाईने संगणकाकडे पाहिलं, केसांतली पेन्सिल काढली, परत खोचली आणि जेवायला गेली.

मावशी पलंगावरून पाय खाली सोडून चपला चाचपत होती. अंगठ्याला गार हवा लागली. तिने वाकून पाहिलं. पंपाची रबरी नळी जमिनीवर पडली होती आणि तिच्या पायावर हळूहळू फुंकर घालत होती. झाडताना कुंचा लागून निसटली असणार. नंतर तिथे कोणी फिरकलंच नव्हतं. तिने गादी दाबून पाहिली. आतल्या नळ्या चपट्या.

म्हणजे पंप चालू होता, संगणक वीस म्हणत होता, मावशी वीस म्हणत होती, आणि पलंग दहापासून जागचा हलला नव्हता.

ती थोडा वेळ नळी हातात धरून बसली. मग खट्‌ करून जागेवर बसवली आणि डबा खायला गेली. कोणाला काही बोलली नाही. दुपारी डोकं दुखतंय सांगून लवकर निघाली, ती घरी न जाता दुकानात.

दुकानात एक गिऱ्हाईक खुर्चीत होतं, अर्धे केस झालेले.

"अगं, आज इकडे कुठे?" नवरा आरशातूनच म्हणाला. "उठून आलीस? कामावर उठायची परवानगी आहे का तुम्हाला?"

"अहो, थट्टा पुरे. माझं काम गेलं."

"कोणी काढलं?"

"अजून कोणी नाही. कोणाला माहीतच नाही."

तिने सांगितलं. गिऱ्हाईकही ऐकत होतं. आरशात तिघांची तोंडं दिसत होती. नवऱ्याची कात्री वाजत होती.

"नळी लावलीस ना परत? मग झालं," तो म्हणाला. "न हललेलं हललं म्हणालीस. कोणाचा जीव गेला?"

"ती पोरगी तीन आठवडे झडपा बदलतेय. माझ्यापायी. आणि आजचं खोटं तर कालचं खरं कशावरून? अकरा वर्षांचं खरं कशावरून?"

"आणि सांगितलंस तर तुला कुठे ठेवतील? खाली?"

खाली म्हणजे स्टूल. स्टूल म्हणजे सहा महिने, फार तर वर्ष, आणि मग अंथरूण. दोघांनाही ते माहीत होतं.

कात्री वाजतच होती.

"ऐक," नवरा म्हणाला. "ही वाजतेय ना, तिच्याकडे बघ. दहा वेळा वाजते तेव्हा केस तीनदाच कापले जातात. बाकी सात वेळा हवेत. तीस वर्षांत बोटांना सवयच लागलीये. मला कळतही नाही आता."

"म्हणजे?" गिऱ्हाईकाने मान वळवली. "मघापासून तुम्ही काहीच कापत नाही आहात?"

"कापतोय. मधूनमधून. मान सरळ ठेवा."

मावशी त्याच्या बोटांकडे बघत राहिली. कात्री केसांपासून वीतभर लांब होती आणि वाजत होती. अगदी एका तालात.

"तुम्हाला कोणी सांगितलं, हवेतलं बंद करा, तर?"

"तर हात अडखळेल आणि यांचा कान जाईल."

"अहो, कानाचं काय काढलंत!" गिऱ्हाईक म्हणालं.

सकाळी ती वेळेआधी वर गेली. इंजिनियरबाई येताच मावशी तिला म्हणाली, "पंपापाशी पडदा लावा. नळी घालायची का काढायची ते तुमचं तुम्ही ठरवा. मला सांगू नका."

"का हो मावशी?"

"आधी करा. मग सांगते."

चार दिवस तसं केलं. चौथ्या दिवशी दुपारी इंजिनियरबाईने कागद पुढ्यात ठेवले. नळी लावलेली दोन दिवस, वीस आणि वीस. काढलेली दोन दिवस, वीस आणि वीस. मग मावशीने पायाला लागलेल्या हवेची गोष्ट सांगितली.

"परत लावून जेवायला गेलात?"

"गेले. आणि घास उतरला पण. तेच वाईट वाटतं."

इंजिनियरबाई हसली नाही की रागावली नाही. ती वेळा वाचत होती. दहा नऊ. दहा अठरा. दहा सत्तावीस.

"मावशी, इथे घड्याळ नाही."

"नाही."

"मग तुम्हाला नऊ मिनिटं झाली हे कळतं कसं?"

"मी कुठे मोजते? अंग आपलं आपण तयार होतं. आता उचलणार, असं वाटतं, आणि उचललंच."

"पलंग हलायच्या आधीच तयार होतं?"

"थोडं आधी. पोटऱ्या, कंबर. आवळून धरते मी. बस सुटायच्या आधी दांडा धरतो ना, तसं."

पेन्सिल केसांतून बाहेर आली आणि या वेळी परत गेली नाही. इंजिनियरबाई लिहायला लागली. जो माणूस या पलंगावर महिनोन्‌महिने पडून राहणार, त्याचंही अंग असंच शिकणार. दर नऊ मिनिटांनी आवळून वाट बघणार. ज्या पलंगाने स्नायू सैल पडावेत, तोच त्यांना पहाऱ्यावर उभं करणार. हिशोबनिसाला हे कळलं नसतं, तो एकदाच पडला होता. दोष झडपेत नव्हता, वेळेत होता. कधी सहा मिनिटं, कधी चौदा, कधी अकरा असं हवं होतं.

साहेबांना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मावशी बरोबर होत्या."

"नाही," मावशी म्हणाली. "मी चूक होते. चुकीतून यांना काहीतरी सापडलं, ते यांचं."

"वेळा बदलल्या की तुम्हीच बघा परत," इंजिनियरबाई म्हणाली. "आता नाही शिकणार तुमचं अंग."

"शिकेल. नाहीतर उगीच सावध राहील. मी आता नुसतं पलंगाकडे बघितलं तरी पोटऱ्या आवळतात. नवीन माणूस आणा, आणि सहा महिन्यांनी बदला त्याला. अकरा वर्षं कोणाला बसवू नका."

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वर दुसरं काम नाही, मावशी. खाली शिलाईत जागा आहे."

"मला माहीत आहे. जाते. पण स्टुलावर नाही बसणार. गोदामात नापास खुर्च्या पडल्यात. मीच नापास केलेल्या. त्यातली एक द्या."

"हलत्या खुर्चीवर शिलाई? शिवण वाकडी येईल!"

"येऊ दे. मग बघू."

शिवण वाकडीच आली. पहिल्याच दिवशी, पहिल्याच कव्हरावर. सुई धावत होती आणि बैठक डावीकडे कलली. टीप अशी वळली, जणू ती दुसऱ्याच कुठल्या खुर्चीकडे निघाली होती. शेजारच्या मशीनवरच्या बाईने चष्म्यावरून पाहिलं.

"काटामावशी, हे कव्हर आहे की नकाशा?"

"गप गं. उसवायला कातर दे."

दुपारपर्यंत तिने तीन कव्हरं उसवली. उसवताना तिच्या लक्षात आलं की शिवणारी बाई सतत शिवत नसते. दोरा ओवते, कापड फिरवते, टीप तपासते. तेव्हा पाय मशीनच्या पायपट्टीवरून उचललेला असतो. पाय दाबलेला असताना खुर्चीने जागा सोडायची नाही, पाय उचलला की सोडायची. तिने वर निरोप पाठवला. इंजिनियरबाई वायर आणि एक छोटं बटण घेऊन खाली आली आणि मशीनखाली जमिनीवर आडवी झाली. साहेब दारात येऊन पाहून गेले. नको म्हणाले नाहीत.

चार वाजता मावशीने हातभर टीप मारली. सरळ. पाय उचलला, दोरा कापला. खुर्ची हळूच डावीकडे कलली.

शेजारची स्टुलावरून वाकून बघत होती. "कळलं का, हललेली?"

"कळलं."

"मग ही पण नापास?"

"कळू दे की. मी काय झोपायला आलेय इथे?" मावशी म्हणाली, आणि पुढचं कव्हर सुईखाली सरकवलं. शेजारची थोडा वेळ आपल्या मशीनच्या पायपट्टीकडे बघत बसली. मग जमिनीवर बसून पक्कड पिशवीत भरणाऱ्या इंजिनियरबाईला तिने विचारलं, "बाई, गोदामात अशा अजून किती आहेत हो?"