आज काय शिवताय?

आई गेल्याचं मी सगळ्यांत शेवटी एका शिलाई मशीनच्या कंपनीला कळवलं.

आज सकाळी. आईला जाऊन आज वर्ष झालं.

आर्णीतल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज आईनं शिवले. स्मार्टफोन तिच्या हातात उशिरा आला आणि आल्या आल्या ती त्या कंपनीच्या पेजवर जाऊन बसली.

पेजवर रोज सकाळी एक पोस्ट पडायची. "सुप्रभात! आज काय शिवताय?"

खाली लोक फुलं टाकायचे, हात जोडायचे. कोणी नुसतं "प्राइस?" लिहायचं. एक जण न चुकता स्वतःच्या मोटरसायकलचा फोटो टाकायचा. का, ते देव जाणे.

आई मात्र खरंखुरं उत्तर द्यायची.

"दोन साड्याचा पिको-फॉल झाला. आता सरपंचबाईचं ब्लाउज. बाही तिसऱ्यांदा उसवून राह्यली. तुमी काय करून राह्यले?"

कंपनीचं उत्तर यायचं, "धन्यवाद मॅडम! आमच्या जवळच्या डीलरला नक्की भेट द्या."

तर आई भेट द्यायला गेली. खरंच! एसटीनं यवतमाळला, पिशवीत उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेऊन.

डीलरनं विचारलं, "काय दाखवू काकू?"

"काही नाही. तुमीच भेट द्या म्हटलं ना, म्हणून आली."

त्यानं चहा पाजला म्हणे. शेंगा ठेवून घेतल्या.

हा किस्सा फॅमिली ग्रुपवर फिरला, सगळे पोट धरून हसले. मला नागपुरात बसून लाज वाटली. फोन करून तिला चांगलं झापलं.

"आई, तिथं माणूस नसते. छापील उत्तरं असतात, आपोआप जातात. कोणाले सांगून राह्यली तू हे सगळं?"

ती शांतपणे म्हणाली, "असू दे छापील. कोणं तरी विचारलं ना, काय शिवून राह्यली म्हणून. विचारलं तं सांगा लागते."

मग म्हणाली, "तू विचारलं काय कधी?"

मी विषय बदलला.

मागच्या आठवड्यात तिचा फोन चार्ज केला. सहजच, काय काय लिहायची ते बघावं म्हणून तिच्या कमेंट्स वाचत बसले.

शेवटच्या महिन्यातली एक होती. "आज काही नाही शिवलं. हात थरथरून राह्यले. सुईत दोरा जाईना."

त्याखाली कंपनी म्हणते, "वा, मस्त! असेच शिवत राहा!"

असा संताप आला की फोन भिरकावून द्यावासा वाटला.

पण त्याच्याही खाली, त्याच कंपनीच्या नावानं, अजून एक उत्तर होतं.

"सॉरी काकू, ते आपोआप गेलं. डॉक्टरले दाखवलं का?"

डॉक्टरले.

'डॉक्टरला' नाही. कुठल्याच मशीनला हा 'ले' सुचायचा नाही. तिथं आपल्याकडचं माणूस बसलं होतं. वणीचं असेल, राजूरचं असेल, कोण जाणे, आर्णीचंच असेल.

आणि आईनं उत्तर दिलं होतं, "दाखवलं. तू जेवली काय?"

'तू' म्हणाली. 'जेवली' म्हणाली. म्हणजे तिकडे एक मुलगी आहे हे आईला ठाऊक होतं. माझं चुकलं होतं, पण तिनं ते मला कधीच ऐकवलं नाही.

कोण होती ही? आईला कशी ओळखू आली? ऑफिसात कोणी तिला टोकलं का, कंपनीच्या नावानं 'ले' काय लिहितेस म्हणून? आठवडाभर डोक्यात हेच चाललंय.

म्हणून आज आईच्याच फोनवरून त्या पेजवर लिहिलं, "आई गेली. वर्ष झालं. तुमच्यापैकी कोणी तिच्याशी बोलायचं, त्यांना सांगा."

दोन सेकंदांत उत्तर आलं. "धन्यवाद मॅडम! आमच्या जवळच्या डीलरला नक्की भेट द्या."

दुपारपर्यंत वाट पाहिली. 'ले' काही आला नाही. तिनं नोकरी सोडली असेल.

ही पोस्ट फिरत फिरत तुझ्यापर्यंत पोचली, तर ऐक गं. काकू गेल्या. तू त्यांची विचारपूस केलीस. मी केली नाही.

श्रद्धांजलीचे ठरलेले शब्द आज लिहवत नाहीत, तेही छापीलच वाटतात. त्यापेक्षा उशिरा का होईना, विचारते.

आई, आज काय शिवून राह्यली?