मागं पाहणारी भुलाबाई

धाडच्या बाजारात भुलाबाईच्या मूर्ती घेऊन तीन-चार कुंभार बसत, पण बाया आधी तानुबाईपाशी वाकत. बाकीच्यांच्या भुलाबाया खांब गिळल्यासारख्या समोर बघत. तानुबाईची मात्र मान वळवून मागं पाही. ही मान तिला तिच्या सासूनं शिकवली होती. भादव्याच्या पुनवेला पार्वती भुलाबाई होऊन माहेरी येते, महिनाभर पोरींची गाणी ऐकते, खाऊ खाते, आणि कोजागिरी झाली की नदीवाटे सासरी निघते. निघताना कोणती लेक मागं वळून पाहत नाही?

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. विद्यापीठाच्या कलासंग्रहालयातले माणिकराव त्या बाजारात आले. माणूस सज्जन. धोतर सावरून तानुबाईसमोर बसले, एक भुलाबाई हातात घेतली आणि खाली ठेवायचंच विसरले. मग म्हणाले, "दिवाळीनंतर आमच्याकडे वऱ्हाडातल्या मातीकामाचं प्रदर्शन भरणार आहे. ही तिथं काचेच्या कपाटात ठेवू. आणि तुम्ही यायचं, लोकांसमोर एक मूर्ती घडवून दाखवायची."

"दिवाळीनंतर?" तानुबाई हसली. "तवरिक ते सासरी जाते ना, साहेब."

"नाही, नाही. आम्ही तिला कायमची ठेवून घेणार."

तानुबाईचं हसू तिथंच विरलं. कोजागिरीनंतर भुलाबाई ठेवून घेतली, तर ती घडवणारीची लेक सासरी नांदत नाही, असं तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. आणि विधवा तानुबाईला एकच लेक, सिंधू. वैशाखातच तिला दुसरबीडला दिलेली.

"दुसरं काहीबी मागा साहेब, हे नका मागू," ती म्हणाली. माणिकराव आपला पत्ता देऊन हिरमुसले होऊन गेले.

दोन दिवसांनी सिंधू भुलाबाईसाठी माहेरी आली. लग्नाआधी ही पोर बाजारात हाळी द्यायची, तर पलीकडच्या भाजीवालीचं गिऱ्हाईकही इकडं वळायचं. आता विचारलं तेवढंच बोले. नव्या नवरीची लाज असेल, असं तानुबाईनं मनाला समजावलं. मग एक दिवस माती मळताना सिंधूनं बाह्या वर सारल्या. दंडावर तापल्या चिमट्याचे डाग होते, जुने काळे आणि नवे लाल.

"कोनं केलं हे?"

सिंधू माती मळत राहिली. "भाकर जयली होती," एवढंच म्हणाली. नवऱ्याचं नाव घ्यायची गरजच नव्हती.

तानुबाई दिराकडं गेली. गुलाबरावांना गावभरच्या भांडणात पंच होण्याची भारी हौस. घरात मात्र बायकोपुढं मूग गिळून बसत. ते म्हणाले, "घरोघरी मातीच्या चुली, वहिनी."

"चुली माह्याच हातच्या हायेत, भाऊजी. चटका कोनाले बसते, मले माहीत हाये."

"कोजागिरी झाली का जावई येईन न्यायले. लेक अन् भुलाबाई, वेळेवर बोळवलेली बरी."

तानुबाई तशीच परतली. बाजारात मूर्ती विकताना पोरीबाळींना हेच तर ती जन्मभर सांगत आली होती. त्याचं तिला फार वाईट वाटलं.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी जावई सहदेव सकाळीच येऊन गुलाबरावांसोबत ओसरीवर चहा पीत बसला. सिंधूनं मुकाट्यानं गाठोडं बांधलं. तानुबाई घरची भुलाबाई घेऊन पोरींबरोबर नदीवर गेली. पोरींनी गाणी म्हणत आपापल्या मूर्ती सोडल्या. तानुबाई गुडघाभर पाण्यात नुसती उभी राहिली. हातातली भुलाबाई मान वळवून तिच्याकडंच पाहत होती. आपल्याच हातानं लेकीचा संसार मोडतो आहोत, अशी भीती तिला वाटत होती. संसार मोडतो म्हणून सगळे भितात, पण लेक मोडते त्याचं काय, असं तिच्या मनात आलं आणि ती पाण्याबाहेर आली.

घरी येऊन तिनं मूर्ती ओसरीवर, जावयासमोरच ठेवली. सहदेव पाहतच राहिला. "बुडवली नाई?"

"नाई. हे नाई जाऊन राह्यली. सिंधूबी नाई."

गुलाबरावांच्या हातातली बशी कलंडली. "वहिनी, येड लागलं काय! भुलाबाई ठेवली तर लेक नांदत नसते!"

"म्हनूनच ठेवली," तानुबाई म्हणाली.

सहदेव तणतणत निघून गेला. गावाचं तोंड कोण धरणार? बाजारात काही बायांनी तानुबाईच्या मडक्यांकडं पाठ फिरवली, गुलाबरावांनी बोलणं टाकलं. दिवाळी झाली, आणि माणिकरावांच्या पत्त्यावर पत्र धाडून एके दिवशी मायलेकी चिंध्यांत गुंडाळलेली भुलाबाई मांडीवर घेऊन एस.टी.त बसल्या.

विद्यापीठाच्या त्या मोठ्या दालनात भुलाबाई काचेच्या कपाटात बसली, मागं पाहत. समोर सतरंजीवर मायलेकी माती घेऊन बसल्या, भोवती विद्यार्थी आणि शहरातली माणसं. तानुबाईनं धड घडवलं, चेहरा केला, आणि मान बसवायची वेळ आली तेव्हा ते मातीचं डोकं सिंधूच्या हातात दिलं. मग स्वतः तिच्या बोटांकडं पाहत राहिली.

सिंधूनं मान बसवली. सरळ, समोर पाहणारी.

माणिकराव कपाटाकडं पाहून म्हणाले, "अगं, हिची मान वळवायची राहिली का?"

"नाई, साहेब," सिंधू म्हणाली. "हिले कुठं जायाचंच नाई, तं मांगं कायले पाहीन?"

बाजारात हाळी देणारा तिचा जुना आवाज होता तो. पार मागच्या रांगेपर्यंत गेला. तानुबाईनं मातीच्याच हातानं पदर डोळ्यांना लावला.