पाच खड्यांचा संप

"माझं एकटीचं सांगू नका, समद्यांचं सांगा." सत्यभामाबाई हे वाक्य उठता-बसता म्हणायच्या. भाजी चांगली झाली म्हटलं तरी हेच, पोराला नोकरी लागली म्हटलं तरी हेच. येरमाळ्याच्या अलीकडं, देवीचा डोंगर जिथून डोळाभर दिसतो, त्या गावात त्यांचं अख्खं आयुष्य गेलं. सासू-सासऱ्यांचं केलं, नवऱ्यामागं शेत राखलं. आणि बाहत्तरच्या दुष्काळात, अंगावरची हळद उतरली नव्हती तेव्हा, गावच्या रस्त्यावर बसून खडी फोडली.

म्हणूनच शाळेतल्या शुभांगी मॅडम एका दुपारी त्यांच्या ओट्यावर येऊन टेकल्या. पोरं राजांच्या लढाया घडाघडा म्हणत, पण शाळेपुढचा रस्ता कुणी केला असं विचारलं की एका सुरात म्हणत, "सरकारनं." मॅडमना तो रस्ताच इतिहास म्हणून शिकवायचा होता. त्या कामावर बायांनी एकदा संप केला होता, एवढं उडत उडत त्यांच्या कानावर आलं होतं.

"आजी, शाळेत या. पोरांना तुमच्या तोंडून ऐकू द्या."

"म्या काय सांगू, बाई? सांगावं तर माझ्यासंगं खडी फोडणाऱ्या अयोध्यानं. ती तर गेली."

"मग त्यांचंही सांगा."

"मंग येते," सत्यभामाबाई म्हणाल्या.

अडचण दुसरीकडं होती. शाळा समितीचे अध्यक्ष शिवप्रसाद, आणि त्यांचे आजोबा महालिंगप्पा त्या कामावर मुकादम. संप आजोबांनीच घडवला, असं त्यांच्या घरात लहानाचं मोठं होताना प्रत्येकानं ऐकलेलं. "धडा करा, मॅडम," ते शांतपणे म्हणाले होते, "पण आजोबांचं नाव पयलं घ्या. न्हायतर ह्यो धडा शाळेत चालायचा न्हाय." ते चिडून बोलले असते तर मॅडमना एवढी धास्ती वाटली नसती.

ठरल्या दिवशी पोरं लिंबाखाली बसली. शिवप्रसाद पुढं खुर्चीवर. कंपाउंडच्या भिंतीपल्याड अयोध्याबाईंचा सिदू मेंढरं घेऊन थांबला होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस. मॅडमनी आत बोलावलं तर "मेंढरं हायेत" म्हणाला, आणि काठीवर हनुवटी टेकून तिथंच उभा राहिला.

सत्यभामाबाईंनी पदर सावरला. "उन्हाळा लई तापला होता. सावलीला एकच बाभळ, तिला लेकरांच्या झोळ्या. सावली सरकली की ऊन झोळीत. एक दिवस अयोध्याचं तान्हं निपचित पडलं. आमी मुकादमाला म्हणलो, लेकरांसाठी मांडव घाला. ते म्हणले, मला वरून हुकूम न्हाय."

"मग?" पोरं पुढं सरकली.

"मंग अयोध्यानं पाच खडे येचले अन् रस्त्याकडंला ठेवले. म्हणली, ज्यानं खडे ठेवले त्यानं मांडव घालस्तवर हातोडा धरायचा न्हाय. देवीची आण. म्या ठेवले. मागनं समद्यांनी ठेवले."

पोरांना फोड करून सांगायची गरज नव्हती. देवीच्या चैती यात्रेला येरमाळ्यात चुन्याच्या रानात पाच-पाच खडे वेचून ढिगावर टाकायचे, हे त्यांनी आईच्या कडेवर असल्यापासून केलेलं.

"थोड्या येळानं मुकादम आले. ढीग बघितला. त्यांना वाटलं, बाया देवीचं कायतरी करायल्यात. चपला काढल्या, पाच खडे येचले, ढिगावर टाकले, पाया पडले. अयोध्या म्हणली, मुकादम, आता तुमी बी संपावर."

पोरं खो-खो हसली. शिवप्रसादांची खुर्ची करकरली. मॅडमनी मान खाली घातली. धडा आजच सुरू झाला आणि आजच मिटला, असं त्यांना वाटलं.

"हसू नका," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पुढचं ऐका. त्यांना आपले खडे उचलून घेता आले असते. बायांनी फसवलं म्हणून वर कळवता आलं असतं. त्यांनी तसं केलं न्हाय. आमच्यासंगं उन्हात बसले. साहेब आला तवा म्हणले, आण मोडून मी काम घेणार न्हाय. तवा कुठं मांडव उभा ऱ्हायला."

"मग संप केला कुणी, आजी?" शिवप्रसादांनी हळूच विचारलं.

"उभा केला अयोध्यानं, केला समद्यांनी. तुझ्या आज्याचे बी पाच खडे हायेत त्यात. पण पयले न्हायत, लेकरा."

शिवप्रसाद बोटातली अंगठी फिरवत राहिले. "चपला काढल्याचं घरात कुणी बोललं न्हाय कधी."

"लाजले असतील. म्या असते तर गावभर मिरवलं असतं."

शिवप्रसादांना हसू आवरलं नाही. "मॅडम," ते म्हणाले, "असंच शिकवा. चपलांसकट."

मॅडमनी मान वर केली. तेवढ्यात सातवीतल्या प्रतीक्षानं विचारलं, "आजी, त्या बाळाचं काय झालं?"

सत्यभामाबाईंनी भिंतीकडं बोट केलं. "ते काय, काठी टेकून उभं हाय."

सगळ्या माना वळल्या. सिदू गडबडला आणि उगाच एका मेंढीला हुसकायला लागला.

शिवप्रसादांनी गाडीवर सोडतो म्हटलं, तर सत्यभामाबाई म्हणाल्या, "ह्यो रस्ता आमचाच हाय, चालत जाते." पोरं फाटकाशी गोळा झाली. मॅडम पायरीवर उभ्या राहिल्या. सिदूनं मेंढरं रस्त्याखाली उतरवली आणि वाट मोकळी करून दिली. त्या त्याच्यापुढून गेल्या. हिरवं लुगडं वळणाआड होईपर्यंत तो बघत होता. मगच त्यानं मेंढरं पुन्हा रस्त्यावर घेतली.