मिश्री मीच भाजली

"असल्या तोंडात मी हात घालायचा?"

बारामतीतला दातांचा डॉक्टर माझ्या पोरीकडं बघून म्हणाला. तिला सातवा महिना. उजवा गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला. त्यानं तोंड उघडायला लावलं, वाकला अन् लगेच मागं सरकला.

"मिश्री लावते ही?"

पोरीनं पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, "व्हय."

"बाहेर चांगली माणसं बसलीत. गरोदर बायांचे दात मी तसेही बघत नाही. बाळंतपण झाल्यावर या. तोंड धुऊन या."

दार उघडंच होतं. बाहेरच्या बायांनी ऐकलं. एक हसली. मी हात जोडले. "चुकलं, साहेब," म्हणालो. पोरीच्या देखत.

चुकलं होतंच. माझं.

पहिल्या बाळंतपणाला पोरगी माहेरी आणायची आमची रीत. तिची आई जाऊन वर्ष झालं नव्हतं. व्याही म्हणाले, "पाव्हणं, घरात बाईमाणूस न्हाय. कसं करणार?" मी म्हटलं, "मी हाय की." ताठ्यात म्हटलं, अन् तिला कळसला माझ्या घरी घेऊन आलो.

दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं.

"आबा, दवाखान्यात दाखवू का?"

पोटुशीच्या दाताला हात लावायचा नसतो, असं तिची आई म्हणायची. तेच मी म्हणालो. अन् तिची आई करायची तेच केलं. चुलीवर तवा ठेवला. तंबाखू काळी होईस्तोवर भाजली, चुरली, डबीत भरली. पोरगी नको म्हणाली. मी म्हटलं, "तुझी आई येडी हुती व्हय?" आईचं नाव काढल्यावर तिनं बोट बुडवलं. गेलेल्या माणसाच्या नावावर मी पोटुशी पोरीच्या तोंडात तंबाखू घातली. पुढं दाढ ठणकायला लागली, तवा म्हणालो, अजून थोडी लाव.

दवाखान्याचा जिना उतरताना ती म्हणाली, "आबा, हितं काय झालं ते सासरी सांगू नका."

केलं मी, अन् लाज तिला. तिथं माझे पाय थांबले. तिला पायरीवर बसवली अन् मागं फिरलो. दारात उभा राहिलो.

"मिश्री मी दिली. मला बोला, परत बोला, ह्या सगळ्यांच्या म्होरं बोला. तिला का हाकलली? पोटातल्या जिवाला पू चालतोय व्हय?"

"आवाज खाली."

"न्हाय करत."

त्यानं पोराला काढावं तसं मला हाताला धरून बाहेर काढलं. दार लावलं.

पोरीला इंदापूरला सरकारी दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला सोलून काढला. "या दिवसांत हिरड्या सुजतात. तेव्हाच दाखवायचं. दुखणाऱ्या दाताला कुठलाच महिना वर्ज्य नाही. तंबाखू मात्र बाळापर्यंत जाते." पण बाई बोलत होत्या, तवा त्यांचे हात पोरीच्या तोंडात होते. पू काढला. दाढ काढली.

बाळ दिवस भरायच्या आधीच झालं. मुठीएवढं. काचेच्या पेटीत ठेवलं. मी विचारलं, मिश्रीनं का? बाई म्हणाल्या, तसं ठाम सांगता येत नाही. त्यांना येत नसंल. नात घरी आली, पण मी अजून तिला मांडीवर घेतली न्हाय.

वरकुट्याला माझ्या बहिणीची सून पोटुशी हाय. हिरड्यांतून रक्त येतंय. बहिणीनं तवा काढला होता. मी जाऊन दोघींना सगळं सांगितलं. काही लपवलं न्हाय. इंदापूरच्या बाईंनी तिला तपासलं, औषध दिलं, परत एकदा दाखवा म्हणाल्या. मी म्हटलं, ते बारामतीला दाखवू, पोरीला हाकललं त्याच डॉक्टरला. डॉक्टर कसा हाय तेही सांगितलं. सून म्हणाली, "चला मामा. मला काय म्हणतोय ते मी पण बघते."

सोमवारी जातोय. हात जोडणार न्हाय. तिचे दात बघितल्याबिगर तिथनं हलणार न्हाय.