शिक्कामावशींची नक्कल

शिक्कामावशींना कोणताही कागद मनातल्या मनात वाचता येत नसे. कौन्सिलच्या एखाद्या उपविधीची नक्कल समोर आली की त्या गार झालेला चहा बाजूला सारत, चष्मा पुसत आणि मला म्हणत, "चल गं, ओरिजिनल तू धर." मग स्वल्पविरामासकट मोठ्यांदा वाचायला लागत. मी मूळ कागदावर बोट फिरवत बसायची. कुत्र्यांचे पट्टे, पार्कच्या वेळा, तळ्यातली मासेमारी. ऐकून ऐकून जीव मेटाकुटीला येई.

वॉटफर्डजवळच्या त्या ऑफिसात मराठी आम्ही दोघीच. कौन्सिलच्या शिक्क्याच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. मंजूर झालेल्या उपविधीवर शिक्का मारायचा, रजिस्टरात नंबर घालायचा आणि कोर्टाला नक्कल लागलीच तर तिच्यावर 'खरी नक्कल' असं लिहून खाली सही करायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. "कोर्टात ओरिजिनल जात नाही, माझी सही जाते," असं त्या म्हणत. त्यात अभिमान किती आणि थकवा किती, मला कधी कळलं नाही.

रिटायर व्हायला दोन महिने उरले असताना जुने कागद स्कॅनिंगला निघाले. मावशींनी सवयीने एक जुनी नक्कल मुळाशी ताडून पाहिली. मासेमारीला बंदी असलेल्या तळ्यांच्या यादीत एक तळं जास्त होतं. मूळ कागदावर ते सभेतच खोडलेलं, नकलेत मात्र तसंच राहिलेलं. ती नक्कल आली त्या दिवशी मावशींचे यजमान हॉस्पिटलमध्ये होते, आणि मावशींनी न वाचताच सही केली होती. त्याच नकलेवर, त्या तळ्यात गळ टाकला म्हणून, एका म्हाताऱ्याला कोर्टानं दोषी ठरवलं होतं.

"मावशी, जाऊ द्या ना," मी म्हटलं. "कोणाच्या लक्षातही आलं नाहीये. रिटायरमेंट तोंडावर आलीय तुमची."

"अगं, तो माणूस गिल्टी म्हणून फिरतोय. माझ्या सहीवर."

मला त्यांचा रागच आला, खोटं कशाला सांगू?

त्यांनी स्वतःच साहेबांना लिहून दिलं. चौकशी बसली आणि सहीचा अधिकार गेला. म्हाताऱ्याचा निकाल फिरला. तो आता मुलीकडे स्लाऊला राहत होता, तर मावशी तिथे जाऊन त्याची माफी मागून आल्या. परतल्यावर कोटही न काढता खुर्चीत बसल्या. "चहा दिला त्यानं. कोर्टानंतर गळ पुन्हा टाकलाच नाही म्हणाला," एवढंच बोलल्या.

शेवटच्या दिवशी केक आला, साहेब आले नाहीत. केक तसाच ठेवून मावशी मला कपाटापाशी घेऊन गेल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली. सहीचा अधिकार आता माझ्याकडे आला होता. टेबलावर त्याच उपविधीची नवी नक्कल होती.

"आज ओरिजिनल मी धरते," त्या म्हणाल्या. "तू वाच."

मी मोठ्यांदा वाचलं, स्वल्पविरामासकट. तळ्यांची यादी संपली तेव्हा त्यांचं बोट मूळ कागदावरच्या खोडलेल्या ओळीवर थांबलं होतं.

"नकलेत इथे काही नाही ना?"

"नाही, मावशी."

"मग कर सही."