काश्यप गोत्रातले पाच फिनलंडकर

यज्ञेश्वर गुरुजींनी पाच जिवंत माणसांना लागोपाठ तीन वर्षं सर्वपित्री अमावास्येला तीळपाणी दिलं. माणसं फिनलंडची, सगळी धडधाकट, आणि आपल्या नावाने नाशकात रामकुंडावर कोणी ओंजळ सोडतंय याची त्यांतल्या एकालाही सुतराम कल्पना नव्हती.

हे कसं झालं ते समजायला आधी गुरुजी समजले पाहिजेत. ते नाशिकचे तीर्थोपाध्याय. यजमान आला की त्याचं गाव आणि आडनाव विचारायचं, त्या गावाची नामावळी काढायची आणि त्याचा पणजोबा कोणत्या साली कोणाकोणाला घेऊन आला होता, ते पणजोबाच्याच अक्षरात दाखवायचं, हे घराण्याचं काम. नामावळीत यजमानाने स्वतःच्या हाताने लिहायचं असतं. लिहिता येत नसेल तर उपाध्यायाने लिहून खाली अंगठा घ्यायचा. बत्तीस वर्षांत आपल्या हातून एकही खोटी नोंद झाली नाही, हे गुरुजी रिक्षावाल्यालासुद्धा सांगत.

आता या माणसाचा आणि फिनलंडच्या बँडचा संबंध आला तो लाउडस्पीकरमुळे. कुंडावर चारी बाजूंनी कर्णे सुरू झाले की गुरुजींचं डोकं उठायचं. त्यांची मुलगी स्वानंदी नाशिक रोडला एका ऑफिसात नोकरी करते. तिने आपला जुना फोन आणि कानावर बसणारे जाडजूड हेडफोन त्यांना दिले आणि सांगितलं, "दुपारी घाला, डोळे मिटा, पडून राहा." त्या फोनमध्ये तिची गाणी होती. गुरुजींचं बोट कुठेतरी लागलं आणि सुरू झाला राउतावुओ नावाचा फिनलंडचा बँड.

या प्रकाराला मेलॉडिक डेथ मेटल म्हणतात. गिटार गोड रडत असते आणि एक माणूस बेंबीच्या देठापासून गुरगुरत असतो. गुरुजी दचकून उठले, मग पुन्हा आडवे झाले. गाणं संपल्यावर त्यांनी स्वानंदीला अर्थ विचारला. तिने सांगितलं की मरण, बर्फ आणि तळं, बाकी विशेष काही नाही.

"मग विषय आमचाच आहे की!" गुरुजी म्हणाले.

त्या दिवसापासून दुपारची झोप गेली. गुरुजींच्या पत्नी उत्तराबाई सुरुवातीला घाबरल्या, मग वैतागल्या, शेवटी सरावल्या. एवढंच विचारायच्या, "अहो, तुमच्या ह्या राऊतांचा घसा धरत नाही का कधी?"

धरला होता. ही माहिती गुरुजींना त्या बँडच्या वेबसाइटवर मिळाली, आणि तिथेच घात झाला. १९९६ साली कुओपिओ गावात एर्क्की आणि आर्ने या दोन शाळासोबत्यांनी बँड काढला. एर्क्की गाणार, आर्ने गिटार वाजवणार. पहिली रेकॉर्ड त्यांच्या नातेवाइकांनीच घेतली, दुसरीने नाव झालं, तिसरी निघाली आणि कंपनी बुडाली. ड्रम वाजवणारे तीन झाले, बास वाजवणारे दोन. एर्क्कीच्या घशाचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं सगळं बंद, मग पुन्हा सुरू. गुरुजींना हे सगळं वाचून भरून आलं. हे तर चांगलं कूळ होतं! मूळपुरुष होते, शाखा होत्या, आणि यांची नामावळी ठेवणारं तिकडे कोणी नव्हतं.

गुरुजींनी कोरी वही घेतली, वर 'श्री' काढलं आणि लिहिलं: "गाव कुओपिओ, देश फिनलंड, जात माहीत नाही."

वेबसाइटवर जुन्या मंडळींची यादी होती. टोईवो (१९९६–२००४), युक्का (१९९६–२००१), अशी पाच नावं, प्रत्येकापुढे दोन सालं आणि मधे रेघ. सगळ्यांचे फोटो काळे, तोंडं सुतकी. ज्याने जन्मभर नावापुढे दोन सालं आणि रेघ दिसली की एकच अर्थ घेतला, त्याने दुसरा अर्थ कुठून आणायचा? गुरुजी हळहळले. पाचही जण इतक्या तरुणपणी! तिकडे तीळ पावावर लावून खातात, यांना पाणी कोण देणार? आप्त-मित्रांना देता येतं आणि गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात. भाद्रपदात गुरुजींनी घरच्या पितरांमागोमाग पाचही नावं घेतली. सध्याच्या मंडळींत आर्नेपुढे मात्र '१९९६–' असं लिहून जागा कोरी होती, म्हणून त्याच्यापुढे त्यांनी समाधानाने लिहिलं, "हयात."

तीन वर्षं सुखाने गेली. मग एका सकाळी स्वानंदी उपमा खाता खाता ओरडली, "बाबा, राउतावुओ नाशकात येतायत! गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यात फेब्रुवारीत मोठा कार्यक्रम आहे. शेवटचा दौरा आहे त्यांचा, जुने सगळे परत आलेत. टोईवोसुद्धा!"

गुरुजींचा घास हातातच राहिला. "टोईवो कसा येईल?"

"म्हणजे? बस चालवतो तो त्यांच्या गावात. रजा काढली असेल."

गुरुजींनी वही आणून समोर ठेवली. स्वानंदीने ती वाचली आणि पाच मिनिटं तिला हसू आवरेना. मग तिने वडिलांचा चेहरा पाहिला आणि वही नीट मिटून ठेवली.

वही घरातली होती, पान फाडलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण नामावळीचं पान फाडायचं म्हणजे गुरुजींच्या लेखी पाप होतं, आणि न फाडावं तर आतली नोंद खोटी. बत्तीस वर्षांची सचोटी एका वहीपायी चालली होती. त्यांनी ग्रंथ काढले. मेला समजून ज्याची क्रिया केली तो परत आला, तर शास्त्रात उपाय आहे. त्याला तुपात बुडवून काढायचं, बारसं करायचं, मुंज करायची आणि त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं.

"टोईवोचे दोन घटस्फोट झालेत, बाबा," स्वानंदी म्हणाली. "आणि त्याच्या मापाचं तुपाचं भांडं कुठे मिळणार?"

"मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं," उत्तराबाईंनी निकाल दिला. "उपकारच केलेत तुम्ही."

गुरुजींना ते पटलं नाही. जाऊन कबूल करायचं आणि प्रत्येकाकडून त्याच्या हाताने 'हयात' लिहून घ्यायचं, तरच नोंद खरी होणार होती. स्वानंदीने वहीच्या पानाचा फोटो आणि सगळी हकीकत बँडला ईमेल केली. एर्क्कीचं एका ओळीत उत्तर आलं की दुपारी या, वही घेऊन या.

मळ्यात स्टेजच्या मागे मांडवाखाली सहा अगडबंब माणसं काळे कपडे घालून मिसळ खात बसली होती. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण थांबत कोणी नव्हतं. पांढरं धोतर, उपरणं, काखेत लाल फडक्यातली वही, असे गुरुजी पुढे झाले आणि त्यांनी हात जोडून सगळं सांगितलं. स्वानंदी इंग्रजीत सांगत गेली.

कोणीच काही बोललं नाही. गुरुजींनी माफीसाठी पुन्हा हात जोडले. फिनलंडची माणसं एरवीही बोलत नाहीत, हे स्वानंदी त्यांना सांगायचं विसरली होती.

शेवटी टोईवोने विचारलं, "किती वर्षं?"

"तीन."

टोईवो बोटं मोजत बसला. "मला दारू सोडून तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "डॉक्टरला कारण कळलं नव्हतं."

मग एकदम हशा उठला. वही हातोहात फिरली. पाचही जणांनी बोटं पुसून आपापल्या नावापुढे स्वानंदीने दाखवल्याबरहुकूम 'हयात' असं वेडंवाकडं मराठीत काढलं आणि खाली सही ठोकली. युक्काच्या सहीवर तर्रीचा डाग पडला. गुरुजींच्या छातीवरचं ओझं उतरलं.

वही एर्क्कीकडे गेली. त्याने आपली सही केली, आणि स्वानंदी बाकीची नावं वाचून दाखवत असताना त्याचं बोट आर्नेच्या ओळीवर थांबलं. पुढचा शब्द त्याने विचारला. स्वानंदीने अर्थ सांगितला. आजूबाजूचे सगळे मिसळीत बघायला लागले.

"आर्ने दौऱ्यावर येत नाही, असं मी लोकांना सांगतो," एर्क्की म्हणाला. बोलताना त्याचा आवाज अगदी बारीक होता. "आर्ने नाही. २०१७ च्या मार्चमध्ये गेला, वीस तारखेला, दुपारी. हृदय बंद पडलं. साइट माझ्याकडे आहे. पुढचं साल मी टाकलं नाही. ते टाकलं की तो जुन्यांच्या यादीत जातो. बँड आम्ही दोघांनी काढला होता."

पाच जिवंतांना पाणी मिळालं आणि ज्याला मिळायला हवं होतं तो तसाच राहिला. गुरुजींना भयंकर वाईट वाटलं. पण एर्क्कीचा घोटाळा त्यांना लगेच समजला, आणि हा घोटाळा सोडवणं तर त्यांचं रोजचं काम होतं.

"त्यांना सांग," ते स्वानंदीला म्हणाले, "आमच्याकडे दुसरी यादी नसते. ज्या ओळीत आहे त्याच ओळीत राहतो माणूस. गेला म्हणून नाव कोणी खोडत नाही, काढत नाही. आमच्याकडे दोनशे वर्षांपूर्वीची माणसं आपल्या नातवंडांशेजारी आहेत. साल फक्त एवढ्यासाठी लिहायचं, की पाणी कोणत्या दिवशी द्यायचं ते कळावं."

स्वानंदीने सांगितलं. एर्क्कीने तिला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग त्याने गुरुजींकडे पेन मागितलं.

गुरुजींनी आधी 'हयात' या आपल्या शब्दावर एक रेघ ओढली, बाजूला लिहिलं, 'चूक माझी,' खाली सही केली आणि पेन त्याला दिलं. एर्क्कीने '१९९६–' च्या पुढची कोरी जागा बराच वेळ पाहिली आणि सावकाश चार आकडे काढले. गुरुजींनी फोनवर त्या सालचं पंचांग बघून पुढे तिथी घातली, फाल्गुन वद्य अष्टमी. मग त्यांनी विचारलं, "उद्या सकाळी सहाला येता का रामकुंडावर? तीळ मी आणतो."

"सहाला सगळे उठणार नाहीत," एर्क्की म्हणाला.

सहाला सगळे आले.