पाडव्याला भादरलेली म्हैस

साल एकोणीसशे त्रेपन्न. मी बावीस वर्षांचा, चौथी नापास, आणि म्हशीतलं माझ्याएवढं गल्लीत कुणाला कळत नाही या मताचा.

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही कोल्हापूरकर म्हशी सजवून रस्त्यावर पळवतो. त्यासाठी म्हैस भादरायची, तेल चोळायचं, शिंगं रंगवायची. वडील म्हणाले, "थंडी तोंडावर आलीया. पाठीवरचं केस ऱ्हाऊ देत." मी वस्तरा घेतला आणि आमची म्हैस पार कातडी दिसेपर्यंत भादरली. पाडव्याला ती आरशासारखी चमकली. मी हाळी दिली की गर्दीतनं माझ्याकडं पळत यायची. सगळी गल्ली तिच्याकडं बघत होती, आणि मी गल्लीकडं.

पंधरा दिवसांत पंचगंगेवरनं गार वारं सुटलं. म्हैस कुडकुडायला लागली, कातडी भेगाळली. चूक कबूल करायची सोडून मी गोठ्याला चारी बाजूंनी पोती ठोकली. शेण काढायचंही बंद केलं. म्हटलं, शेणाची ऊब लागंल. आठ दिवसांत आत गेलं की डोळ्यांतनं पाणी यायचं. खाली शेणामुताचा राडा, त्यात वळवळणारे किडे, आणि त्यातच ती कास बुडवून बसायची.

मग कास दगडासारखी घट्ट झाली. आमच्यात त्याला दगडी म्हणतात. धार काढायला बसलो तर एका सडातनं दुधाऐवजी पिवळ्या गाठी आणि रक्ताचं पाणी. अजून मला फाटलेलं दूध दिसलं तरी मी ताट बाजूला सारतो.

आई म्हणाली, "दवाखान्यात ने की. तीन सडं अजून चांगली हायत."

जनावरांच्या दवाखान्याचा रस्ता गल्लीतनंच जायचा. मी म्हणालो, "अंधार पडल्यावर नेतो."

"अंधारात दवाखाना उघडा असतोय व्हय?" वडील म्हणाले. "पाडव्याला समद्यास्नी दावलीस, आता लाज वाटाय लागली?"

दोन दिवस मी हळद आणि कडुलिंबाचा पाला बांधत बसलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसरं सड सुजलं. मी पिळत होतो, ती नुसती थरथरत होती. तिनं एक लाथ घातली असती तर मला बरं वाटलं असतं. हाताला पू लागला. पुसायला फडकं नव्हतं, म्हणून खुंटीवरचा, पाडव्याला मी डोक्याला बांधलेला गुलाबी पटका ओढला आणि त्यालाच हात पुसले. माझीच मला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्याची पोती उपटली, त्यातली दोन शिवून तिच्या पाठीवर टाकली. बायका नळावर होत्या, गडी दारात दात घाशीत होते, अशा भर वेळेला तिला गल्लीतनं बाहेर काढली.

"काय गड्या, आज पळवणार न्हाईस व्हय?" एकानं विचारलं.

मी तिच्या पाठीवरचं पोतं सारखं केलं. ती जेवढं चालेल तेवढंच चालत, दवाखाना उघडायच्या आधीच दारात जाऊन कासरा धरून उभा राहिलो.